दोघांनी मिळून नाच बसवताना

‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत कोणाची? संहिता विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, संगीत भास्कर चंदावरकरांचं. डिसेंबर १९७२मध्ये पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला, तेव्हा एका ओळीत उभे राहिलेले ब्राह्मण डुलत होते, पाठमोरे होत होते, भिंत होऊन काही झाकत होते आणि काही उघडं पाडत होते. प्रेक्षकाला त्यात लेखक कुठे संपला आणि नृत्यरचनाकार कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. श्रेयनामावलीत मात्र चारही नावं आपापल्या कामासह स्वतंत्र आहेत.

जोडीनं काम करू पाहणाऱ्या नृत्य-दिग्दर्शकांना आणि कोरिओग्राफरना या दोन्ही गोष्टी साधाव्या लागतात. रंगमंचावर जोड दिसता कामा नये आणि कागदावर तो स्पष्ट दिसायला हवा. आपल्याकडे पहिल्या गोष्टीसाठी मंडळी जीव टाकतात आणि दुसरीकडे पाहतही नाहीत. ‘आपल्यात कसले आलेत करार’ हे वाक्य मुंबई-पुण्याच्या तालीम-हॉलमध्ये फार प्रेमानं बोललं जातं. त्या प्रेमाला दोनचार वर्षांनी तडा जातो, तेव्हा बहुतेकदा नुसतं माणसांचं भांडण होत नाही, एक चांगली रचना कायमची बंद पडते. ते टळावं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

सोबती कसा निवडावा, हा पहिला प्रश्न. एकाच गुरूकडे शिकलेले, एकच शैली असलेले, एकमेकांचे जिवलग मित्र असलेले दोघं लगेच कंपनी काढतात. मला यात धोका दिसतो. दोघांना तेच येत असेल, तर मतभेद झाल्यावर कोणाचं ऐकायचं याला काही आधारच उरत नाही. जगात टिकलेल्या जोड्या पाहिल्या तर त्यांच्यात बहुधा एकाला जे येतं ते दुसऱ्याला येत नाही. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी तर हे टोकाला नेलं. १९३८च्या सुमारास सिअ‍ॅटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये दोघांची ओळख झाली, १९५३मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजात कनिंगहॅमची कंपनी उभी राहिली, आणि पुढे केज १९९२मध्ये वारले तोवर त्यांचं एकत्र काम सुरू होतं. पण पद्धत अशी की नाच आणि संगीत वेगवेगळं तयार व्हायचं. ठरलेली असायची ती फक्त लांबी. नर्तक अनेकदा पहिल्याच प्रयोगाला संगीत ऐकायचे. ही पद्धत तुम्ही उचलावी असं मी म्हणत नाही, आपल्या कथक-भरतनाट्यम शिकलेल्या पायांना ती सोसायलाही वेळ लागेल. पण त्यातली शिस्त उचलण्यासारखी आहे. एकमेकांच्या खोलीत न शिरण्याचा करार त्यांनी पाळला आणि अर्धशतक टिकले.

दुसरी तऱ्हा म्हणजे एका कामापुरतं एकत्र येणं. लंडनमध्ये वाढलेला, प्रताप पवारांकडे कथक शिकलेला अक्रम खान आणि बेल्जियमचा सिदी लार्बी शेरकावी यांनी २००५मध्ये सॅडलर्स वेल्समध्ये ‘झिरो डिग्रीज’ केलं. संगीत नितीन साहनीचं, आणि शिल्पकार अँटनी गॉर्मलीनं दोघांच्या शरीरांवरून साचे घेऊन बनवलेले दोन पुतळे रंगमंचावर. दोघांनी मिळून रचना केली, दोघंच नाचले. त्यानंतर दोघं आपापल्या वाटेनं गेले, अक्रमची कंपनी होतीच, लार्बीनं २०१०मध्ये अँटवर्पला ‘ईस्टमन’ काढली. एकदा भेटून, पूर्ण ताकदीनं काम करून, मोकळं होणं हेसुद्धा सहकार्यच आहे. आपल्याकडे जोडी फुटली की लोक कारणं शोधतात. कधीकधी कारण एवढंच असतं की काम पूर्ण झालं. सुरुवात करतानाच ‘हे एकच काम’ असं एकमेकांना सांगून टाकलं तर नंतर कोणालाच स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते, ती कॅनडातल्या क्रिस्टल पाइट आणि जोनाथन यंग यांची. पाइट नृत्यरचनाकार, फ्रँकफर्टला विल्यम फोर्साइथकडे नाचलेली, व्हँकूव्हरची ‘किड पिव्हट’ ही कंपनी तिनं २००२मध्ये काढली. यंग नट आणि लेखक, ‘इलेक्ट्रिक कंपनी थिएटर’च्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या एका नाटकासाठी पाइटनं २००६मध्ये नृत्यरचना केली होती. २००९मध्ये आगीच्या दुर्घटनेत यंगनं आपली मुलगी आणि तिची दोन चुलत-आते-मामे भावंडं गमावली. त्या दुःखाबद्दल लिहिताना आपल्या शब्दांना शरीराची गरज आहे असं त्याला वाटलं आणि तो पाइटकडे गेला. २०१५मध्ये ‘बेट्रोफेनहाइट’ आलं, पुढे २०१७चा ऑलिव्हिए पुरस्कार त्याला मिळाला. २०१९मध्ये गोगोलच्या नाटकावर आधारलेलं ‘रिव्हायझर’, २०२३मध्ये ‘असेंब्ली हॉल’. या दोन्हींत नटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या संवादांवर नर्तक ओठ आणि सगळं अंग हलवतात. वाक्यातला एकेक स्वल्पविराम खांद्यातून दिसतो. लेखकाला नाचाचा कान आणि रचनाकाराला वाक्याचा कान असल्याशिवाय हे होत नाही. पण लक्षात घ्या, पहिल्या छोट्या कामापासून मोठ्या कामापर्यंत जवळजवळ नऊ वर्षं गेली.

म्हणून माझा पहिला ठोस सल्ला असा : दोन तासांच्या निर्मितीनं सुरुवात करू नका. पंधरा-वीस मिनिटांची एक रचना घ्या, दोन किंवा तीन नर्तक, तारीख ठरलेली, खर्च खिशातून पेलेल एवढा. पुण्यातल्या सुदर्शनसारख्या छोट्या जागेत, एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा कोणाच्या गच्चीवर करा. या काळात रचनेइतकंच सोबत्याकडेही लक्ष ठेवा. तो तालमीला वेळेवर येतो का, हे बघाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपली आवडती हालचाल काढून टाकायची वेळ आली की तो काय करतो. प्रयोगाच्या दोन दिवस आधी प्रकाशयोजनाकाराशी कसा बोलतो. नर्तकाचा गुडघा दुखावला तर आधी कोणाचा विचार करतो. या तीन प्रसंगांत माणूस जेवढा कळतो तेवढा वर्षभराच्या चहावर कळत नाही.

आता तालीम. इथे जोड्या सर्वांत जास्त वेळ आणि माणसं गमावतात, म्हणून थोडं सविस्तर.

दोन दिग्दर्शक असलेल्या हॉलमध्ये नर्तकांची कुचंबणा होते. एक सांगतो, उडी हलकी घे, दुसरा सांगतो, वजन जमिनीत सोड. नर्तक दोघांकडे बघतो आणि मधलं काहीतरी करतो, आणि ते मधलं कोणालाच नको असतं. यावर एक साधा उपाय आहे. रन-थ्रू होताना दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं, नंतर दहा मिनिटं नर्तकांना पाणी प्यायला सोडून दोघांनी बाजूला बसायचं, आणि परत येऊन सूचना एकाच तोंडानं द्यायच्या. ते तोंड रोज बदललं तरी चालेल, पण एका दिवशी एकच. मतभेद उरला असेल तर तोही स्वच्छ सांगावा : ‘या प्रवेशाबद्दल आमचं ठरलेलं नाही, आज दोन्ही प्रकारे करून बघू.’ नर्तकांना अनिश्चितता चालते, लपवाछपवी चालत नाही.

शेवटचा शब्द कोणाचा, हे पहिल्या आठवड्यात ठरवा. ‘दोघांचा’ हे उत्तर ऐकायला चांगलं, पण शुक्रवारी प्रयोग असताना बुधवारी उपयोगाला येत नाही. कामाची वाटणी करा : संहिता, आवाज, शब्द आणि प्रवेशांचा क्रम याबद्दल एकाचा निर्णय अंतिम, हालचाल, वेग आणि शरीरांची मांडणी याबद्दल दुसऱ्याचा. दोघंही नृत्यरचनाकार असाल तर प्रवेशच वाटून घ्या. वाटणी कशीही असो, रंगीत तालमीच्या दिवसापासून मात्र एकानंच हातात सूत्र घ्यावं, कारण क्यू शीटवर दोन माणसांच्या पेन्सिली चालत नाहीत.

तुमच्यापैकी एकजण स्वतः नाचणार असेल तर समोर बसणारा एक तिसरा डोळा हवाच. युरोपात यासाठी ड्रामाटर्ग असतो. ‘झिरो डिग्रीज’लाही गाय कूल्स होता. आपल्याकडे या कामाला पैसे मिळत नाहीत म्हणून माणूसही मिळत नाही. पण नाटकवाला एखादा मित्र, ज्याला खोटं बोलता येत नाही, असा एक जण आठवड्यातून एकदा बसवा आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत घ्या. चेन्नईच्या नृत्यरचनाकार चंद्रलेखांच्या कामात सदानंद मेनन प्रकाशयोजना करत आणि दशरथ पटेल दृश्यरचनेचा विचार करत, पण त्यांची संगत त्या कामांपुरती नव्हती. १९८५च्या ‘अंगिका’पासून भरतनाट्यम, योग आणि कळरीपयट्टु यांना एकत्र आणणारी जी भाषा चंद्रलेखांनी घडवली, तिच्या आजूबाजूला या मित्रांचं सततचं बोलणं होतं. प्रकाशयोजनाकार शेवटच्या दोन दिवसांत बोलावण्याची आपली सवय मोडायलाच हवी.

रोजच्या तालमीची नोंद ठेवा : तारीख, कोण हजर, कोणता प्रवेश, तो कोणाच्या सूचनेतून आला. मोबाइलवर चित्रफीत घ्या आणि वहीतही लिहा. दोन्ही का, याचं कारण कायद्यात आहे.

आपल्या १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यात नृत्यरचनेला ‘नाट्यकृती’त जागा आहे. अट अशी, की रचना लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी. त्याच व्याख्येत चित्रपट मात्र वगळलेला आहे. म्हणून नुसत्या चित्रफितीवर विसंबू नये असं मला वाटतं. प्रवेशवार वर्णन, रंगमंचावरच्या जागांचे आराखडे, मोजणी, संगीताच्या वेळा असा लिखित दस्तऐवज हवा, सोबत चित्रफीत. नोंदणी सक्तीची नाही, पण नाट्यकृतीसाठी ती ५०० रुपयांत होते आणि पुढे वाद झाला तर हाताशी पुरावा राहतो. हे केवळ पुस्तकी नाही. कोटा शिवराम कारंतांनी यक्षगानाला जे नवं रूप दिलं, त्याचे हक्क त्यांनी मृत्युपत्रानं एका व्यक्तीला दिले होते. एका संस्थेनं त्यांच्या पद्धतीचा प्रयोग परवानगीशिवाय केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९मध्ये न्यायालयानं त्या नृत्यनाट्यरूपातला नाट्यकृतीचा हक्क मान्य केला.

दोघांच्या कामात प्रश्न आणखी गुंततो. ज्या कृतीत एकाचं योगदान दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही, ती कायद्यानं संयुक्त कृती. तिचा हक्क दोघांचा, आणि तो शेवटच्या हयात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की उद्या तुमचं पटलं नाही तर दुसऱ्याच्या संमतीशिवाय प्रयोग करताना तुम्ही अडचणीत येऊ शकता. शब्द एकाचे आणि हालचाल दुसऱ्याची असं वेगळं दाखवता येत असेल, तर ते पहिल्याच कागदावर वेगळं दाखवा. हक्क कोणाला द्यायचे असतील तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती. कोणत्या तरी महोत्सवाच्या फॉर्मवर घाईत सही करताना हे दोन रकाने आधी बघा.

आणि कंपनी काढून स्वतः तिचे पगारी नोकर झालात, तर नोकरीत केलेल्या कामाचे हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचे असतात. अमेरिकेत मार्था ग्रॅहमच्या बाबतीत असंच घडलं. ती १९९१मध्ये वारली, हक्क वारसाला गेले असं समजलं जात होतं, आणि २००२मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं तिच्या बहुतेक नृत्यरचना तिच्याच नावाच्या संस्थेच्या मालकीच्या ठरवल्या, कारण ती तिथली कर्मचारी म्हणून काम करत होती. २००४मध्ये अपिलातही निकाल बराचसा कायम राहिला. तिकडचा कायदा वेगळा, पण इशारा आपल्यालाही लागू आहे. संस्था न्यास म्हणून नोंदवा, कंपनी म्हणून नोंदवा, पण रचनेचे हक्क रचनाकारांकडे राहतील आणि संस्थेला प्रयोगाचा परवाना असेल, असं एक पान त्याच दिवशी करून ठेवा.

नर्तकांचं काय? समकालीन नृत्यात बरीचशी हालचाल नर्तकांच्या इम्प्रोव्हायझेशनमधून येते. रचनाकार निवडतो, जोडतो, घडवतो. ते रचनेचंच काम आहे, यात शंका नाही. पण श्रेयात ‘नर्तकांसह रचना’ असं लिहायला शाई लागत नाही, आणि नर्तकाला त्यातून पुढचं काम मिळतं. पारंपरिक कलावंतांबरोबर काम करताना तर ही जबाबदारी दुप्पट होते. मुंबईच्या अस्ताद देबूंनी मणिपूरच्या पुंग चोलोम वादकांबरोबर आणि कर्णबधिर कलाकारांबरोबर काम केलं ते वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा परत जाऊन. दोन आठवड्यांत लावणीच्या किंवा दशावताराच्या कलावंतांकडून चार हालचाली उचलून ‘फ्यूजन’ करणाऱ्यांनी त्यांची ही चिकाटी बघावी. मानधन किती, चित्रीकरण कुठे दाखवणार, परदेश दौऱ्यात तेच कलावंत जाणार की त्यांच्या जागी दुसरे, हे आधी बोला.

हालचाल चोरीला जाते तेव्हा काय करायचं? २०११मध्ये बियॉन्सेच्या ‘काउंटडाउन’च्या चित्रफितीत नृत्यरचनाकार आना तेरेसा डे केर्समाकरच्या ‘रोझास डान्स्ट रोझास’ (१९८३) आणि ‘आख्तरलांड’ (१९९०) यांच्यातल्या हालचाली जशाच्या तशा दिसल्या, तेव्हा तिनं जाहीरपणे आक्षेप घेतला. दोन वर्षांनी तिनं स्वतःच त्या खुर्च्यांवरच्या नाचाचे धडे खुले करून जगाला तो नाचायला बोलावलं. एकच नाच, पण एकदा विचारलं नव्हतं आणि एकदा तिनं दिला होता. तिला हे करता आलं, कारण तिच्याकडे चित्रपट, नोंदी, तारखा सगळं होतं.

जोडीला तिसरा माणूस लागतो, हे फार उशिरा कळतं. अक्रम खानची कंपनी २०००मध्ये निघाली ती फारूख चौधरी या निर्मात्याबरोबर, आणि चौधरी स्वतः आधी नर्तक होते. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टाला प्रोतिमा बेदींनी उभारलेलं नृत्यग्राम ओडिसीचं आहे, समकालीन नृत्याचं नव्हे, पण रचना म्हणून पाहा : सुरूपा सेन कलात्मक दिग्दर्शक आणि नृत्यरचनाकार, बिजयिनी सत्पथी अनेक वर्षं तिची सहनर्तिका आणि शिक्षणाची जबाबदारी सांभाळणारी, आणि लिन फर्नांडिस व्यवस्थापन आणि प्रकाशयोजना पाहणारी. श्रीलंकेच्या चित्रसेन कंपनीबरोबरचं ‘संहार’ अशा घडीमुळेच पेललं. पत्रं लिहिणारा, तारखा घेणारा, हॉलच्या भाड्याची घासाघीस करणारा माणूस रचनाकारांपैकीच एक असला, की दोन वर्षांत त्याचं रचनाकार असणं मागे पडतं आणि मनात कडवटपणा येतो. सुरुवातीला पूर्णवेळ माणूस परवडणार नाही. मग प्रत्येक निर्मितीच्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी ठरावीक टक्के रक्कम धरा आणि ती कापू नका.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण इथे सांगण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त आहे. केवळ समकालीन नृत्याच्या प्रयोगांवर महाराष्ट्रात घर चालत नाही. शिकवणं, नाटकांसाठी आणि चित्रपटांसाठी काम, कार्यशाळा हे चालूच ठेवावं लागेल, आणि दोघांनी ते वेगवेगळं ठेवावं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयासाठी महिना १० हजार रुपये, वरिष्ठ ४० पुढच्यांसाठी २० हजार, दोन वर्षं. ती व्यक्तीला मिळते, जोडीला नाही. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स संशोधन आणि निर्मितीला अनुदान देते. पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव २०१६पासून डिसेंबरमध्ये भरतो, गोव्याच्या आणि कोकणाच्या मंडळींना तो हाताशी आहे. जीएसटीत कलावंतांना प्रयोगाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जी सवलत आहे ती लोककला आणि शास्त्रीय कलांसाठी आहे. समकालीन नृत्य त्यात बसत नाही, तेव्हा उलाढाल वाढू लागली की सीएला विचारा. तुमच्या रचनेत संवाद असतील तर महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा, आणि ध्वनिमुद्रित गाणी वापरणार असाल तर त्यांचे परवाने तालमीच्या पहिल्या महिन्यातच मागा. परवाना नाकारला गेला तर नाच दुसऱ्या संगीतावर बसवायला वेळ उरला पाहिजे.

प्रत्येकानं वर्षाकाठी एक तरी काम एकट्यानं करावं. पाइट आजही युरोपातल्या मोठ्या बॅले कंपन्यांसाठी स्वतंत्रपणे रचना करते. जोडीतलं काम त्यामुळे सुकत नाही, उलट बाहेरून काहीतरी घेऊन माणूस परत येतो. शिवाय तुमच्या जोडीतल्या कोणाचं नाव अर्जांत आणि बातम्यांत नेहमी दुसऱ्या क्रमांकावर येत असेल, तर त्याच्या स्वतःच्या नावावर काही असणं फार गरजेचं आहे. वर्तमानपत्रं मोठं नाव तेवढं छापतात. पत्रकात दोन्ही नावं एकाच ओळीत लिहा आणि एका निर्मितीला क्रम एक, दुसरीला उलटा ठेवा.

शेवटी, वेगळं होण्याची तजवीज. ती आनंदात असतानाच करायची. बिल टी. जोन्स आणि आर्नी झेन या नृत्यरचनाकारांनी १९८२मध्ये कंपनी काढली, १९८८मध्ये झेन एड्सनं गेला, आणि कंपनीच्या नावात झेन आजही आहे. एइको आणि कोमा चाळीसेक वर्षं दोघंच नाचले, मग २०१४मध्ये एइकोनं एकटीचं काम सुरू केलं. कनिंगहॅमनं तर हयातीतच योजना आखून दिली होती : जुलै २००९मध्ये तो गेल्यावर कंपनीनं दोन वर्षं जगभर दौरा केला, ३१ डिसेंबर २०११ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचा प्रयोग करून ती विसर्जित झाली, नर्तकांना पुढची वाट शोधायला आर्थिक मदत मिळाली, आणि रचना एका न्यासाकडे सोपवल्या गेल्या. प्रत्येक रचनेची चित्रफीत, नोंदी, प्रकाशाचे आराखडे, वेशभूषेचा तपशील एकत्र ठेवले गेले, म्हणजे दुसरी कंपनी ती उभी करू शकेल.

तुमच्यासाठी दोन पानं पुरतील. त्यात लिहा : कंपनीचं नाव कोणाकडे राहील किंवा बंद होईल. संयुक्त रचनांचे प्रयोग एकजण दुसऱ्याच्या अनुपस्थितीत करू शकेल का, करत असेल तर प्रत्येक प्रयोगामागे दुसऱ्याला किती रक्कम मिळेल. रचनेत बदल करायला कोणाची संमती लागेल. ठरलेला दौरा मध्येच सोडला तर नर्तकांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, कोण देईल. चित्रफिती आणि वह्यांची प्रत दोघांकडेही असेल. ही पानं मराठीत लिहा, वकिलाला एकदा दाखवा, दोघांनी आणि त्या तिसऱ्या माणसानं सही करा. दर नव्या निर्मितीच्या पहिल्या तालमीला ती काढून वाचा आणि जे बदललं असेल ते त्याच दिवशी दुरुस्त करून तारीख घाला.